ग्वादलाहाराला वर्ल्डकपची मॅच बघायला जायचंय? मग असं करा

२०२६ चा फुटबॉल वर्ल्डकप अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको अशा तीन देशांत आहे आणि त्यात मेक्सिकोची तीन शहरं आहेत, मेक्सिको सिटी, मॉन्तेरेय आणि ग्वादलाहारा. आपले लोक, म्हणजे पुण्यामुंबईचे पण आणि डलास, ह्यूस्टन, बे एरियातले पण, बहुतेक मेक्सिको सिटीचंच विचारतात कारण तिथे आस्तेका स्टेडियम आहे आणि मॅराडोना तिथे खेळलाय. ठीक आहे, पण ज्यांना एकच शहर जमणार आहे त्यांना मी ग्वादलाहाराच सांगतो. मी आयटीच्या प्रोजेक्टवर तिथे राहिलोय, भारतीय आयटी कंपन्यांची ऑफिसं त्या शहरात बरीच वर्षं आहेत, त्यामुळे मराठी माणूस तिथे अगदीच नवलाचा नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात बसवा म्हणजे खालच्या सगळ्या पायऱ्या आपोआप जुळतील. मॅच असते दोन तासांची आणि स्टेडियम आहे शहराच्या पार पश्चिम टोकाला. ज्यांनी हॉटेल, जेवण, फिरणं सगळं स्टेडियमच्या आसपास बसवलं ते हायवे आणि मॉल बघून परत येणार. त्यामुळे प्लॅन शहराचा करा आणि त्यात एक संध्याकाळ मॅचला द्या.

१. आधी मॅच ठरवा

ग्वादलाहाराला चारच मॅचेस आहेत आणि चारही ग्रुपच्या, नॉकआउट इथे नाही. ११ जूनला दक्षिण कोरिया आणि युरोपातल्या प्लेऑफमधून आलेली टीम, १८ जूनला मेक्सिको विरुद्ध कोरिया, २३ जूनला कोलंबिया आणि दुसऱ्या एका प्लेऑफमधून आलेली टीम, आणि २६ जूनला उरुग्वे विरुद्ध स्पेन. सगळ्या संध्याकाळच्या.

फुटबॉल म्हणून बघायचं तर २६ जून, यात वादच नाही, दोन जुने चॅम्पियन समोरासमोर. पण माहोल बघायचा असेल तर १८ जून. मेक्सिको आणि कोरियाचं एक वेगळंच नातं आहे. २०१८ च्या वर्ल्डकपला मेक्सिको शेवटच्या ग्रुप मॅचमध्ये स्वीडनकडून ३-० हरली होती आणि तरी पुढे गेली, का तर त्याच वेळी कोरियाने जर्मनीला २-० ने घरी पाठवलं. त्या दिवशी मेक्सिको सिटीत लोक नाचत नाचत कोरियाच्या दूतावासासमोर गेले आणि तिथल्या अधिकाऱ्याला खांद्यावर घेतलं. आता तेच दोघं एकमेकांसमोर आणि ते पण ग्वादलाहारात, तेव्हा त्या तिकिटाचा भाव काय असेल ते सांगायला नको. तिकीट नसलं तरी १८ तारखेला शहरात असणं मला वर्थ वाटतं, त्याबद्दल खाली लिहिलंय.

तिकीट फक्त फिफाच्या साइटवर किंवा त्यांच्याच रीसेलवर घ्या. तिकीट मोबाईलवर असतं, कागदाचं नसतं, त्यामुळे स्टेडियमबाहेर कोणी छापील तिकीट विकत असेल तर सरळ पुढे चालायला लागा.

२. व्हिसाचं बघा, आणि हे तिकिटाच्याही आधी बघितलंत तरी चालेल

भारतीय पासपोर्टला मेक्सिकोचा व्हिसा लागतो. पण एक मोठी सवलत आहे. तुमच्याकडे अमेरिका, कॅनडा, यूके, जपान किंवा शेंगेन यापैकी कशाचाही चालू व्हिसा असेल, किंवा तिथलं पर्मनंट रेसिडेन्स असेल, तर टुरिस्ट म्हणून मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, १८० दिवसांपर्यंत राहता येतं. मॅचचं तिकीट म्हणजे व्हिसा नाही हे पण लक्षात ठेवा, दोन्ही वेगळी प्रकरणं आहेत.

इथे अमेरिकेतल्या आपल्या लोकांचा एक घोळ होतो तो नीट वाचा. एच-वन-बी वर आहात, आय-७९७ म्हणजे मंजुरीचा कागद चालू आहे, नोकरी चालू आहे, सगळं कायदेशीर आहे, पण पासपोर्टमधला स्टॅम्प संपलेला आहे. अमेरिकेच्या दृष्टीने तुम्ही व्यवस्थित आहात पण मेक्सिकोला चालू स्टॅम्प हवा असतो, संपलेला चालत नाही, मग तुम्हाला अमेरिकेतल्या मेक्सिकन कॉन्सुलेटमधून व्हिसा काढावा लागतो. परत येताना तीस दिवसांच्या आत ऑटोमॅटिक रीव्हॅलिडेशनवर, म्हणजे संपलेल्या स्टॅम्पवरच, अमेरिकेत येता येतं हे बऱ्याच जणांना माहिती असतं पण जाण्याचं विसरतात. स्वतःच्या केसचं वकिलाला विचारून घ्या, ग्रुपमधल्या काकांना नाही.

भारतातून येणाऱ्यांनी कोणताच व्हिसा नसेल तर दिल्लीतल्या मेक्सिकन दूतावासाकडे अपॉइंटमेंट जितकी लवकर मिळेल तितकी घ्या. आणि फ्लाइट बघताना ट्रान्झिट बघा. अमेरिकेमार्गे जाणारं तिकीट स्वस्त दिसतं पण तिथे नुसतं विमान बदलायचं असलं तरी व्हिसा लागतो आणि बॅग उचलून परत द्यावी लागते. अमेरिकेचा व्हिसा नसेल तर इस्तंबूल किंवा युरोपमार्गे मेक्सिको सिटी गाठा, फक्त युरोपात ज्या देशात उतरणार त्याचे ट्रान्झिटचे नियम आधी बघून.

उतरल्यावर इमिग्रेशनला दोनचार प्रश्न विचारतात, कुठे राहणार, किती दिवस, परत कधी. हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट आणि मॅचचं तिकीट, तिन्ही फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवा कारण एअरपोर्टचं वायफाय नेमकं तेव्हाच दगा देतं. पासपोर्टवर किती दिवस लिहिले ते काउंटरवरून हलायच्या आधी वाचा.

३. शहरात पोचा

एअरपोर्ट शहराच्या दक्षिण-पूर्वेला, चापाला तळ्याच्या रस्त्यावर. स्टेडियम पश्चिमेला. म्हणजे एअरपोर्ट ते स्टेडियम हा अख्ख्या शहराला वळसा आहे, मॅचच्या दिवशी उतरून थेट मॅचला जायचा विचार कोणी करत असेल तर करू नका, आदल्या दिवशी या. एअरपोर्टवर आतच अधिकृत टॅक्सीचं काउंटर असतं, पैसे आधी भरायचे आणि पावती घेऊन बाहेर जायचं. बाहेर हात धरून टॅक्सी टॅक्सी करणाऱ्यांकडे बघायचं पण नाही.

मेक्सिको सिटीची मॅच करून येणाऱ्यांना विमानाने दीड तासाच्या आत होतं. पण मला बस आवडते. मेक्सिकोतल्या लांब पल्ल्याच्या लक्झरी बस हा भारी प्रकार आहे, मोठ्या झोपता येतील अशा सीट, आत टॉयलेट, आणि साधारण सात तास लागतात. ग्वादलाहाराचा मोठा बस स्टँड त्लाकेपाके या उपनगराच्या बाजूला आहे आणि तिथेच मेट्रोच्या लाइन ३ चं शेवटचं स्टेशन आहे, सेंत्राल दे आउतोबुसेस. म्हणजे बसमधून उतरून मेट्रोने थेट शहराच्या मध्यात जाता येतं, टॅक्सीची गरजच नाही.

४. राहायची जागा, स्टेडियमजवळ घेऊ नका

हे मी परत सांगतो कारण नकाशा बघून सगळे तेच करतात. स्टेडियम सापोपान नावाच्या महापालिकेत येतं, पेरिफेरिको नावाचा जो रिंगरोड आहे त्याच्याही बाहेर. आजूबाजूला मोठे रस्ते, कंपन्या, गेट असलेल्या सोसायट्या. संध्याकाळी पायी फिरावं असं काही नाही.

माझी पहिली पसंती कोलोनिया आमेरिकाना आणि त्याला लागून असलेला चापुल्तेपेक रस्ता. जुने बंगले, झाडं, कॅफे, रात्री उशिरापर्यंत गजबज. टाइम आउट मासिकाने २०२२ मध्ये हा जगातला सगळ्यात कूल मोहल्ला ठरवला होता, त्यानंतर भाडी वाढली ते वेगळं. सेंट्रो म्हणजे जुनं शहर स्वस्त आहे, दिवसा मस्त, पण रात्री काही गल्ल्या एकदम ओस पडतात. कुटुंब आणि लहान मुलं असतील तर प्रोविदेन्सिया किंवा चापालिता शांत आहे. त्लाकेपाकेला राहिलात तर फार सुंदर पण मॅचच्या दिवशी शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जावं लागेल. सापोपानचं जुनं गाव, म्हणजे बासिलिका या मोठ्या चर्चच्या आसपासचा भाग, हा मधला मार्ग आहे, तिथे लाइन ३ पण जाते.

बुकिंग असं घ्या की ज्याचे पैसे परत मिळतात. वर्ल्डकपच्या काळात घरमालक शेवटच्या क्षणी बुकिंग रद्द करून दुप्पट भावाने दुसऱ्याला देतात असं जगभर होतं, त्यामुळे एक हॉटेलचा पर्याय हाताशी असू द्या.

५. फोन, पैसे, पाणी

सिम घ्यायला ऑक्सो नावाची दुकानं आहेत, प्रत्येक कोपऱ्यावर, अक्षरशः प्रत्येक. पासपोर्ट बरोबर ठेवा. ई-सिम चालणारा फोन असेल तर निघायच्या आधीच टाकून घ्या म्हणजे उतरल्या उतरल्या टॅक्सी बघता येते.

पेसोचं गणित सोपं ठेवा, एक पेसो म्हणजे साधारण पाच रुपये धरून चाला. रेस्टॉरंटमध्ये कार्ड चालतं पण टाको गाडीवर, बाजारात रोखच. एटीएम बँकेच्या आतलं वापरा आणि मशीन जेव्हा विचारतं की आम्ही तुमच्या चलनात हिशोब करून देऊ का, तेव्हा नाही म्हणा, तो रेट कायम महाग असतो. टिप दहा ते पंधरा टक्के देतात, न देणं फारच वाईट दिसतं.

नळाचं पाणी पिऊ नका. तिथले लोक पण पीत नाहीत, घरोघरी मोठे जार येतात.

शहर समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरपेक्षा थोडं जास्त उंचीवर आहे, मेक्सिको सिटीइतका श्वासाला त्रास होत नाही पण ऊन चटकतं, टोपी आणि सनस्क्रीन घ्या. आणि पाऊस. जूनच्या मध्यावर तिथला पावसाळा चालू होतो आणि त्याची एक पद्धत आहे, सकाळी स्वच्छ, दुपारी उकाडा, आणि संध्याकाळी किंवा रात्री एकदम ढग फुटल्यासारखा वीजबीज सगळं घेऊन. रस्त्याखालचे बोगदे भरतात, गाड्या अडकतात. ३० जून २०१९ ला तर इतक्या गारा पडल्या की काही भागात गाड्या बर्फात रुतल्या होत्या, जूनमध्ये! म्हणजे नेमकी मॅचची जी वेळ तीच पावसाची. पातळ रेनकोट घ्या, छत्री नको, गेटवर अडवतील.

६. मॅचच्या दिवशी काय करायचं

स्टेडियमच्या नावाचा जरा गोंधळ आहे. लोक म्हणतात आक्रोन, फिफा म्हणते एस्तादियो ग्वादलाहारा कारण वर्ल्डकपमध्ये स्पॉन्सरचं नाव चालत नाही, आणि काही टॅक्सीवाले अजून म्हणतात चिवासचं स्टेडियम. तिन्ही एकच. पण शहरात दुसरं एक मोठं स्टेडियम आहे, एस्तादियो हलिस्को, ते पार दुसऱ्या बाजूला, त्यामुळे ड्रायव्हरला नुसतं स्टेडियम म्हणू नका.

आक्रोन २०१० मध्ये उघडलं. बाहेरून गवताचा हिरवा उतार आणि वर पांढरं कडं, ज्वालामुखी आणि त्यावरचा ढग अशी कल्पना आहे, लांबून बघाल तर पटतं. साधारण ४८ हजार लोक मावतात. चिवास हा इथला क्लब, फक्त मेक्सिकन खेळाडू घेतो, बाहेरचा एकही नाही, आणि तरी देशातल्या सगळ्यात लाडक्या टीमपैकी एक. उद्घाटनाची मॅच मँचेस्टर युनायटेडशी होती. चिचारितो म्हणजे हाविएर एर्नांदेस तेव्हा नुकताच युनायटेडला गेला होता, त्याने पहिल्या हाफमध्ये चिवासकडून खेळून गोल केला आणि दुसऱ्या हाफमध्ये शर्ट बदलून युनायटेडकडून खेळला. अशी मॅच परत कुठे बघायला मिळणार.

जायचं कसं, तर मी सार्वजनिक वाहतूक सांगेन. सेंट्रोमधून लाइन ३ पकडा, सापोपानच्या दिशेने, पेरिफेरिको बेलेनेसला उतरा, तिथून मी माक्रो पेरिफेरिको नावाची बीआरटी मिळते जी रिंगरोडवरून धावते, ती स्टेडियमच्या बाजूला नेते, पुढचं चालायचं. प्रवासाचं कार्ड आदल्या दिवशी घेऊन रिचार्ज करून ठेवा, मॅचच्या दिवशी मशीनसमोरची रांग बघवणार नाही. मॅचच्या दिवसांसाठी शहर वेगळ्या शटल बस आणि रस्तेबंदी जाहीर करतं, ती आदल्या संध्याकाळी बघा. निदान तीन तास आधी निघा.

खरा प्रश्न जाण्याचा नाहीच, येण्याचा आहे. रात्री मॅच संपली की हजारो लोक एकाच वेळी फोन काढून उबर किंवा दीदी नावाच्या तशाच अॅपवर टॅक्सी शोधतात, नेटवर्क बसतं, भाव तिप्पट दाखवतो, आणि गाडी आली तरी ट्रॅफिकमधून ती तुमच्यापर्यंत पोचत नाही. त्यामुळे येण्याचं आधी ठरवा. एक तर अर्धा पाऊण तास सीटवर बसून राहा, गर्दी ओसरू द्या. नाहीतर लोकांच्या लोंढ्याबरोबर पेरिफेरिकोपर्यंत चालत या आणि बस पकडा. एकटेदुकटे आडवाटेने शॉर्टकट मात्र मारू नका. फोन चार्ज राहील अशी पॉवरबँक हवीच कारण तिकीट पण त्याच फोनमध्ये आहे.

पिशवी छोटी आणि पारदर्शक ठेवा, मोठी सॅक हॉटेलवर.

आणि एक. विरुद्ध टीमचा गोलकीपर किक मारायला धावतो तेव्हा मेक्सिकोचे काही प्रेक्षक एक शब्द ओरडतात. ऐकायला गंमत वाटते आणि आपण पण सामील होतो, होऊ नका. ती समलिंगी लोकांना दिलेली शिवी आहे, त्यावरून फिफाने मेक्सिकोला कितीतरी वेळा दंड केलाय, रिकाम्या स्टेडियममध्ये मॅच खेळायला लावल्यात, आणि ओरडणाऱ्याला बाहेर काढतात.

७. तिकीट मिळालं नाही तर

तरी जा. फॅन फेस्टला मोठ्या पडद्यावर मॅच दाखवतात. पण त्याहून भारी म्हणजे चापुल्तेपेकवरचा कोणताही बार किंवा अगदी कोपऱ्यावरचा टाकोवाला ज्याने टीव्ही बाहेर काढून ठेवलाय. मेक्सिको जिंकली तर लगेच मिनेर्वाकडे चालायला लागा. तो एक मोठा चौक आहे, मध्ये कारंजं आणि भाला घेतलेल्या देवीचा पुतळा, चिवास जिंको नाहीतर देश जिंको, सगळं शहर तिथेच जमतं. फोन पुढच्या खिशात, लहान मूल असेल तर गर्दीच्या कडेला थांबा, आणि फेसाचे स्प्रे अंगावर उडणार हे गृहीत धरून जुना शर्ट.

जुन्या फुटबॉलचं वेड असलेल्यांनी एस्तादियो हलिस्को बाहेरून तरी बघून या. १९७० मध्ये पेलेच्या ब्राझीलने फायनल सोडून सगळ्या मॅचेस इथेच खेळल्या. पेलेचा हेडर इंग्लंडच्या गॉर्डन बँक्सने जो अडवला, जो अजून लोक सर्वोत्तम सेव्ह म्हणून दाखवतात, तो इथलाच. आणि १९८६ ला ब्राझील विरुद्ध फ्रान्सची क्वार्टर फायनल, पेनल्टीवर फ्रान्स जिंकलं, ती पण इथलीच. माझ्या मते वर्ल्डकपचा इतिहास बघता आक्रोनपेक्षा हे स्टेडियम मोठं आहे पण यावेळी मॅच तिकडे नाही, जुनं झालंय.

८. खाणं, आणि शाकाहारी लोकांनी इथे थांबून वाचा

ग्वादलाहाराचा राजा म्हणजे तोर्ता आओगादा. बिरोते नावाचा इथला कडक पाव, त्यात मांस भरायचं आणि अख्खा पाव टोमॅटो आणि तिखटाच्या रश्श्यात बुडवायचा. मिसळ खाणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आत डुकराचं मांस असतं, काही ठिकाणी कोळंबी किंवा पनीरसारखं चीज भरून पण देतात, विचारा. रस्सा दोन असतात, एक साधा आणि एक चिले दे आरबोल या तिखट मिरचीचा, दुसरा बेताने. मग बिर्रिया म्हणजे मांसाचा मसालेदार रस्सा, तो पारंपरिक म्हणजे बोकडाचा, आणि तो खायला नुएवे एस्किनास या सेंट्रोजवळच्या भागात जा. गोमांस टाळणाऱ्यांनी लक्षात ठेवा, रेस म्हणजे बीफ. कार्ने एन सु हुगो ही इथली प्रसिद्ध डिश बीफची असते, आणि बऱ्याच ठिकाणी बिर्रिया पण बीफची मिळते. पुएर्को किंवा सेर्दो डुकराचं, पोयो चिकन, चिवो बोकड, उएवो अंडं.

आता शाकाहारी. नुसतं सिन कार्ने म्हणजे मांस नको म्हणालात तर चिकन किंवा हॅम येऊ शकतं, कारण त्यांच्या हिशोबात ते कार्नेमध्ये येतंच असं नाही. पूर्ण यादी म्हणा, सिन कार्ने, सिन पोयो, सिन हामोन, सिन मान्तेका. मान्तेका म्हणजे डुकराची चरबी, आणि ती निरागस दिसणाऱ्या राजम्यात म्हणजे फ्रिहोलेसमध्ये घातलेली असते. भात बऱ्याचदा चिकनच्या पाण्यात शिजवतात. मैद्याच्या तोर्तियामध्ये पण चरबी असू शकते, मक्याची बहुतेक साधी असते. हे सगळं ऐकून घाबरू नका, खाण्यासारखं भरपूर आहे. भोपळ्याच्या फुलांची केसादिया, निवडुंगाची भाजी म्हणजे नोपालेस, मिरची आणि क्रीमचं राहास, मक्याचे दाणे लिंबू तिखट लावून, आणि फळं. कापलेल्या फळांवर लिंबू, मीठ, तिखट मारून रस्त्यावर मिळतात. पेरू, पपई, चिकू, सीताफळ ही आपण आपली समजतो ती सगळी मूळची तिकडच्याच मुलखातली. जूनमध्ये आंबा असतो, आताउल्फो जातीचा, पिवळा आणि गोड. हापूसवरून तिथे वाद घालू नका, मी घातलाय, काही उपयोग होत नाही. पिताया म्हणून निवडुंगाचं फळ असतं, त्याचा हंगाम उन्हाळ्याच्या शेवटाला असतो आणि नुएवे एस्किनासलाच टोपल्या घेऊन विकणारे बसतात, जूनच्या सुरुवातीला गेलात तर मिळेल.

प्यायला तेहुइनो घेऊन बघा, आंबवलेल्या मक्याचं, वर लिंबाचं आइस्क्रीम. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं, तिसऱ्याला आवडतं. गोडात हेरिकाया, ते अंड्याचं कस्टर्ड आहे हे अंडं न खाणाऱ्यांसाठी. आणि तुम्ही जेवत असताना बाजूने जाणारा अनोळखी माणूस प्रोवेचो, म्हणजे छान जेवा, म्हणून जातो, तुम्ही ग्रासियास म्हणजे थँक्यू म्हणायचं, एवढंच.

९. उरलेले दिवस

एक दिवस सेंट्रो. कॅथेड्रलचे पिवळे मनोरे, त्याच्या चारही बाजूंना चार चौक, तिथून पूर्वेकडे चालत सुटलात की ओस्पिसियो काबान्यास येतं, जुना अनाथाश्रम, युनेस्कोच्या यादीत आहे. आत ओरोस्को या मेक्सिकन चित्रकाराची भित्तिचित्रं आहेत आणि घुमटात पेटलेला माणूस. बाकांवर आडवं पडून वर बघतात लोक, तुम्ही पण पडा. मोबाईलमध्ये ते चित्र येत नाही, प्रयत्न करून झालाय. त्याच्याजवळच सान हुआन दे दिओसचा बाजार, तीन मजली, चपलांपासून बिर्रियापर्यंत सगळं.

अर्धा दिवस त्लाकेपाके. मातीची भांडी, काच, रंगीत घरं, आणि एल पारियान नावाच्या चौकात मारियाची, म्हणजे गाणारे वादक. मारियाची हा याच हलिस्को राज्याचा प्रकार. गाणं सांगितलं की पैसे द्यावे लागतात, भाव आधी विचारा. रविवार असेल तर सकाळी मोठे रस्ते गाड्यांना बंद करून सायकलवाल्यांना सोडतात, अख्खं शहर रस्त्यावर असतं.

टकिला गाव साधारण साठ किलोमीटरवर. टकिला ज्यापासून बनते त्या निळसर अगावेची शेतं, ती पण युनेस्कोच्या यादीत, २००६ पासून. झाड तयार व्हायला सहा सात वर्षं लागतात, मग पानं छाटून मधला अननसासारखा कांदा भाजतात, त्याचा रस आंबवतात. बाटली घेताना लेबलवर शंभर टक्के अगावे लिहिलंय का बघा, नसेल तर त्यात दुसरी साखर मिसळलेली असते. न पिणाऱ्यांना पण ही ट्रिप आवडेल, फक्त ग्रुपमधल्या कोणी गाडी चालवायची असेल तर त्याने कारखान्यात चव घेऊ नये.

१०. सुरक्षिततेचं खरं खरं

सगळे हे विचारतात. हलिस्कोमध्ये ड्रगच्या टोळ्या आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. देशात सगळ्यात जास्त बेपत्ता माणसं नोंदवलेल्या राज्यांमध्ये हलिस्को आहे. मिनेर्वा जसा आनंदाचा चौक तसा निन्योस एरोएसचा चौक, तिथे हरवलेल्यांच्या घरच्यांनी फोटो लावलेत, लोक आता त्याला बेपत्तांचाच चौक म्हणतात. तिथे गेलात तर सेल्फी काढू नका, त्या आयांना ते रोज दिसतं.

टुरिस्टला प्रत्यक्षात धोका असतो तो पाकीटमारीचा, फोन हिसकावण्याचा, आणि रात्री उशिरा दारू पिऊन अनोळखी ठिकाणी जाण्याचा. रात्री रस्त्यावरून हात दाखवून टॅक्सी थांबवू नका, अॅपवरूनच बोलवा. शहराबाहेर जायचं तर दिवसा. निघायच्या आठवड्यात भारतीय दूतावासाच्या सूचना बघा, काही घडलं असेल तर तिथे कळतं. इमर्जन्सी नंबर ९११, पासपोर्टची फोटोकॉपी खिशात आणि मूळ हॉटेलच्या तिजोरीत.

११. परत निघताना

बाटल्या चेक-इन बॅगेत कपड्यात गुंडाळून. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत दारू ड्युटीशिवाय आणता येते. अमेरिकेमार्गे परतणार असाल तर एअरपोर्टच्या ड्युटी-फ्रीमधली बाटली हातात घेऊन पुढच्या विमानात जाता येईलच असं नाही, पहिल्या अमेरिकन एअरपोर्टवर बॅग हातात येते तेव्हाच ती बाटली आत टाका आणि मग बॅग परत द्या. त्लाकेपाकेची मातीची भांडी मात्र हातातच ठेवा, दुकानदार कागदात कितीही छान बांधून देवो.